ऑइल बदलायचं काम गेल्यावर गॅरेजमध्ये उरतं काय?

हरित अर्थव्यवस्थेमुळे किती रोजगार जाणार आणि किती येणार, यावर वाद रंगतात. पुण्यातल्या गल्लीबोळांतल्या दुचाकी गॅरेजवाल्याचं काय, हे मात्र त्यात कुणी विचारत नाही. त्याचं पोट ऑइल, प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर, क्लच आणि टॅपेटवर भरत आलंय. ई-स्कूटरमध्ये यातलं एकही काम नाही. टायर, बेअरिंग, शॉकअप उरतात. गाडीला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटरच चाकाला रोखते आणि वीज बॅटरीत परत भरते) असेल तर ब्रेक शूसुद्धा कमी झिजतात.

भोसरी-चाकणच्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये फक्त इंजिनाचे पार्ट होतात, तिथल्या कामगारांवरचं संकट याहून मोठं आहे. पण गॅरेजवाल्याच्या हातात निदान काही करण्यासारखं आहे, म्हणून आज त्याच्याबद्दल.

पहिली गोष्ट, हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, शिकून घ्यावी. गाडी जागेवरून उचलताना झटके देते, गुरगुरते, पण ढकलली की पळते, अशी तक्रार आली तर आधी हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते सांगणारा सेन्सर) तपासावा. त्याला पाच तारा असतात: लाल-काळी ही ५ व्होल्टची सप्लाय आणि तीन सिग्नलच्या. चावी चालू ठेवून चाक हाताने हळू फिरवावं. प्रत्येक सिग्नलवर मल्टिमीटर ० आणि ५ व्होल्टच्या आसपास आलटून पालटून दाखवतो. एखादी तार एकाच आकड्यावर अडून बसली, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत.

चावी बंद असताना चाक जड जात असेल, तर मोटरच्या तिन्ही जाड तारा कंट्रोलरपासून (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणाऱ्या डब्यापासून) सोडवाव्यात. चाक मोकळं झालं तर कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. तरीही जड राहिलं तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) किंवा ॲक्सलजवळची तार बघावी. पंक्चरसाठी चाक उतरवताना तार तिथेच चेपते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं. हे निदान मीटरवर होतं, त्याला लॅपटॉप लागत नाही. गिऱ्हाइकाचा नव्या कंट्रोलरचा खर्च वाचतो आणि गॅरेजवाल्याला तपासणीचे पैसे हक्काने मागता येतात.

बॅटरी मात्र उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. पॅक बंद करायचं बटण नसतं, आतले सेल कायम जिवंत असतात. ६० व्होल्टच्या आतल्या पॅकमध्ये शॉकपेक्षा शॉर्टची भीती जास्त. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर करंट वाहतो. म्हणून अंगठी, कडं काढून ठेवायचं आणि इन्सुलेटेड पानेच वापरायचे.

चार्जरच्या बाबतीत तर घाई नकोच. सोळा सेल सिरीजमध्ये असलेला एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक ५८.४ व्होल्टला भरतो, तेवढ्याच सेलचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक ६७.२ ला. पिन सारखी दिसते म्हणून एनएमसीचा चार्जर एलएफपीला लावला, तर पॅक वाचवण्याची सगळी जबाबदारी एकट्या बीएमएसवर, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर, येते. तोच बिघडलेला असेल तर आग लागू शकते.

हे शिकायचं कुठे, हा खरा अडथळा आहे. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी झालेल्या पोराला तो चांगला, पण चाळिशीतला मिस्त्री दोन वर्षं शटर ओढून बसू शकत नाही. त्याच्यासाठी औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणी संध्याकाळी सातनंतरच्या, काही आठवड्यांच्या बॅच हव्यात, आणि हातात मीटर देऊन शिकवणाऱ्या.

दुसरा अडथळा कंपन्यांचा. नाना पेठेत पेट्रोल स्कूटरचा क्लच शू सहज मिळतो. ई-स्कूटरच्या कंट्रोलरसाठी, त्याचा एरर कोड वाचण्यासाठी, बहुतेक वेळा कंपनीच्याच दारात जावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही होती. सुटे पार्ट आणि एरर कोड खुल्या बाजारात आणण्याची मागणी पुण्यातल्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन आत्ताच लावून धरायला हवी, कारण वॉरंटी संपलेल्या ई-स्कूटर आता त्यांच्या दारात येऊ लागल्या आहेत.