अकोल्यात राहता आणि एसी नाही?

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, माझ्या टॅक्सच्या ऑफिसात येणारे अशील विचारतात. अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं जातं: "आम्हालाही बिल परवडत नाही हो, पण मग करायचं काय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की २०२४च्या मे अखेरीस इथल्या जिल्हा प्रशासनाने उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, कामगारांना पाणी आणि पंखे द्या, असा तो आदेश. पारा ४५च्या वर होता. तर अशा गावात, सिमेंटच्या स्लॅबखाली, आम्ही एसीशिवाय राहतो. यात तत्त्व वगैरे काही नाही. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो, आमचा पत्र्याचा कूलर पाच तासांत एक. हिशेब करणं हा माझा धंदाच आहे.

पण लोक थेट यंत्रावर येतात. कुठला कूलर, किती लिटरचा, कुठला पंखा. माझं म्हणणं असं, की पहिला पैसा छतावर घाला. बैठ्या घरात किंवा वरच्या मजल्यावर निम्मी लढाई तिथेच असते. उघडा सिमेंटचा स्लॅब मे महिन्यात दुपारी साठ अंशांपर्यंत तापतो, अनवाणी पाय ठेवून बघा. ती उष्णता लगेच खाली येत नाही, स्लॅबमधून झिरपत काही तासांनी येते. म्हणून बाहेर रात्री वारा सुटलेला असतो आणि तुमच्या खोलीतला पंखा मात्र गरम हवा अंगावर ओतत असतो. दोष पंख्याचा नसतो. छत दुपारची उधारी रात्री वसूल करत असतं.

त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय चुना. होळीच्या आगेमागे चुन्याची कळी रात्रभर भिजत घालायची (प्लॅस्टिकच्या बादलीत मुळीच नाही, पाणी पडताच कळी उकळते, आणि डोळे सांभाळा), सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल घालायचा आणि झाडून-धुऊन घेतलेल्या गच्चीवर दोन-तीन हात मारायचे. पांढऱ्या छतावरून बरंच ऊन परत जातं. आतल्या हवेत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावलात तर त्याहून जास्त जाणवतो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो. ज्यांना ती कटकट नको त्यांनी वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग लावावा, तो काही वर्षं टिकतो, किंवा गच्चीची दुरुस्ती निघालीच असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांची फरशी करून घ्यावी. एक मात्र आहे, गच्चीवर धूळ साचली की पांढरेपणाचा उपयोग संपतो. मधूनमधून झाडू फिरवा. अहमदाबादने २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेनंतर उष्णता कृती आराखडा केला, त्यात पुढे झोपडपट्टीतली छतं पांढरी करण्याचं काम घेतलं. तेलंगणाने तर २०२३मध्ये शीतल छतांचं धोरणच काढलं. म्हणजे ही काही माझ्या आजीची युक्ती नाही. आजीचं घर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं होतं, तिला गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट ऊन. काचेतून आत आलेलं ऊन मग जाड पडद्याने अडवायचं, याला फारसा अर्थ नाही, कारण तोवर ते घरात आलेलं असतं. ते बाहेरच अडवा. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बांबूच्या चटया आणि हिरवी नेट लावलेली आहे, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. दिसायला गोठ्यासारखं दिसतं, येणारे बोलून दाखवतात. सेवाग्रामला बापूकुटी बघा, १९३६नंतरचं बांधकाम: मातीच्या भिंती, वर कवेलू आणि भोवती पडवी, त्यामुळे भिंतीवर ऊन पडतच नाही. आपल्याला आता मातीच्या भिंती परवडत नाहीत, पण भिंतीवर सावली पाडायला कोणाची हरकत आहे?

खिडक्यांबद्दल वाद होतात. "हवा खेळती ठेवा" हे कोकणात ठीक आहे. आमच्याकडे सकाळी नऊनंतर खेळती हवा म्हणजे लू. नऊच्या आत सगळं बंद, आणि रात्री बाहेरची हवा घरातल्यापेक्षा थंड झाली की सगळं सताड उघडं, पहाटेपर्यंत. भिंती रात्री जेवढ्या निवतील तेवढी दुपार सुसह्य जाते. मच्छरांसाठी जाळ्या मात्र आधी बसवून घ्या.

आता कूलर. यावर मी तासभर बोलू शकते.

कूलर चालतो तो हवेच्या कोरडेपणावर. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ते हवेतून ओढून घेतं. मेमध्ये आमच्याकडे दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. अशी हवा ओल्या ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या पॅडमधून आली की २८-३० अंशांवर उतरते. मुंबईची ३३ अंशांची दमट हवा त्याच कूलरमधून काढलीत तर तीन-चार अंश कमी होतील, पण वर अंथरूण ओलसर. म्हणून मुंबईच्या मावशीला मी कूलर घेऊ नकोस म्हणते आणि नागपूर, जळगाव, नांदेडवाल्यांना घ्याच म्हणते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी तो चांगला चालतो.

यात लोक दोन ठिकाणी हटकून चुकतात. पहिलं, खोली बंद करून कूलर लावतात. एसीची सवय. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला जायला वाट हवी. नाहीतर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि मग "आमचा कूलर गार करत नाही" अशी तक्रार. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि त्याच्या समोरच्या टोकाची खिडकी थोडी उघडी. गंमत अशी, की कोणत्या खोलीची खिडकी उघडता त्यावर गार हवा कुठून जाणार ते ठरतं. आमच्या बैठकीतला एक कूलर रात्री मागच्या खोलीची खिडकी उघडून झोपायच्या खोलीला पुरतो.

दुसरं, टाकीत बर्फ टाकतात. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट किलोभर पाण्याची वाफ होताना जाते. बर्फ लिंबूपाण्यात टाका.

ताट्यांचं म्हणाल तर आम्ही अजून वुडवूलच्याच भरतो, म्हणजे लाकडाचा बारीक कीस, ज्याला सगळे गवत म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखे जे पुठ्ठ्याचे पॅड मिळतात ते जास्त टिकतात आणि हवा छान गार करतात, पण आमच्या बोअरचं पाणी खारट. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं, असे महागाचे पॅड एका हंगामात दगड होतात. स्वस्तातलं गवत दरवर्षी बदलणं बरं. वाळ्याची ताटी वासाला सुरेख, खिशाला जड. एका बाजूला लावली तरी हौस भागते. टाकी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवायची. क्षार जातात आणि डेंग्यूच्या डासांची अंडीही.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पत्र्याचा कूलर, पाणी आणि ओले पाय. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका.

ऑफिसचं गणित वेगळं. माझा गाळा भाड्याचा, कॉम्प्लेक्समध्ये, पश्चिमेला काच. छत माझं नाही, भिंतीला चटई लावू देत नाहीत. तिथे मी उष्णता आतून कमी केली. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता सोडतो, जुना डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर मिळून साधारण तेवढीच. लॅपटॉप घेतले, जुने दिवे बदलले, प्रिंटर बाहेरच्या पॅसेजात गेला. काचेला बाहेरून पांढरा रंग फासला. अशील म्हणाले, दुकान बंद पडल्यासारखं वाटतं. वाटू दे. मे महिन्यात वेळ सकाळी साडेसात ते बारा आणि संध्याकाळी पाचनंतर. शाळा सकाळची होते, मग टॅक्सची कामं का नाही? तरी एकदा एका नव्या अशिलाने सरळ सांगितलं, की एसी नसलेल्या ऑफिसात माणसाची प्रॅक्टिस बरी चाललेली नसणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच की फी त्यांनी वेळेवर दिली नाही.

जिथे हे सगळं अपुरं पडतं ते दिवसही आहेत. पाणी पाच-सहा दिवसांआड येणाऱ्या गावात दिवसाला शंभर लिटर पिणारा कूलर ही चैन आहे. तिथे चुना आणि चटया यांवरच भर द्या, आणि झोपायच्या खोलीपुरता छोटा कूलर. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते तापलेले नऊ दिवस, संपून ढग जमले, आर्द्रता चढली, की कूलर चिकट हवा फेकायला लागतो. तेव्हा पंप बंद, नुसता त्याचा पंखा चालू, खिडक्या दिवसाही उघड्या. पाऊस पडेपर्यंतचे ते दोन आठवडे कठीणच जातात. आणि घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर एका खोलीत एसी बसवा, माझा लेख पुढे करून कोणाशी वाद घालू नका. फक्त त्या खोलीवरचं छत आधी पांढरं करून घ्या, म्हणजे टनभराच्या एसीत भागेल.