पद्मिनी सुरू होईना: पंप हवा ओढत होता

पावसाळाभर शेडखाली उभी असलेली माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी गेल्या रविवारी काही केल्या सुरू झाली नाही. चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन झकास फिरायचं, पण पकडायचं नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून ब्लॉकला टेकवला, तर ठिणगी निळी आणि कडक. प्लगचं टोक मात्र ठणठणीत कोरडं. चोक ओढून इतका सेल्फ मारल्यावर ते पेट्रोलने ओलं व्हायलाच हवं. मग एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल सोडलं, क्लीनर परत चढवला आणि सेल्फ मारला. इंजिन ताबडतोब पेटलं, दोन-तीन सेकंद चाललं आणि थांबलं. इग्निशनची, म्हणजे ठिणगीची, शंका तिथेच मिटली. पेट्रोलच पोचत नव्हतं.

टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देतो तो इंजिनावरचा पंप. माझ्याकडे त्याचं रिपेअर किट पडून होतं, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण पंप नेमका काय करतोय हे बघितल्याशिवाय तो खोलायचा नाही, असं ठरवलं.

शनिवारी लेकीला किल्लीवर बसवलं. आधी कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी नको. आग विझवायचा सिलिंडरही हाताशी ठेवला. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडवून त्याचं टोक काचेच्या बाटलीत, तळाशी घेतलेल्या थोड्या पेट्रोलमध्ये बुडवलं. पंप चांगला असेल तर इथे ठोक्याठोक्याला पेट्रोलची पिचकारी येते. आमच्याकडे एक बारीक पिचकारी आली, मग नुसते बुडबुडे, पुन्हा थोडं पेट्रोल, पुन्हा बुडबुडे.

"बाबा, पेट्रोल येतंय का?"

"हवा येतेय गं, थांब."

या बुडबुड्यांनी सगळा तपास फिरला. पंपातला डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा, फाटला असता तर पेट्रोल बाहेर ठिबकलं असतं किंवा ऑइलमध्ये उतरलं असतं. डिपस्टिक हुंगून पाहिली, ऑइलला पेट्रोलचा वास नव्हता. आता पंपाच्या इनलेटचा, म्हणजे टाकीकडून पेट्रोल येतं त्या तोंडाचा, जुना होज (रबरी नळी) काढला, नव्या होजचा तुकडा लावून तो थेट पेट्रोलच्या डब्यात सोडला. सेल्फ मारताच बाटलीत अशा सणसणीत पिचकाऱ्या आल्या की पंपाबद्दल प्रश्नच उरला नाही.

राहिली टाकीकडची बाजू. टाकीचं झाकण उघडून लोखंडी पाइपात सायकलच्या पंपाने हलकी हवा मारली. मागे टाकीत बुडबुड्यांचा आवाज आला, म्हणजे लाइन तुंबलेली नाही. उरला तो काढून बाजूला ठेवलेला वीतभर होज.

वरून तो अगदी धडधाकट दिसत होता. अंगठ्याने वाकवला तेव्हा खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला, नखाएवढ्या लांबीची चीर उघडली. सोडला की मिटायची. आत बोट फिरवलं तर रबराचा काळा चुरा हाताला लागला.

एवढी चीर असून गळती कशी नाही, पेट्रोलचा वास कसा नाही, हे मला इथे नीट उलगडलं. टाकी ते पंप ही ओढायची बाजू. होज टाकीतल्या पेट्रोलपेक्षा वर आहे, त्यामुळे चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. पेट्रोल ओढण्यापेक्षा हवा ओढणं पंपाला सोपं. त्यात गाडी उभी राहिली की लाइनमधलं पेट्रोल मागे टाकीत उतरतं आणि फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतलं, उडून जातं. पंपापुढची बाजू दाबाची, तिथली गळती ओलसर दिसते. मागची गळती कोरडी असते.

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि आपल्या १०८९ सीसीच्या या इंजिनाच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून मी नुसता तेवढा तुकडा बदलला नाही. नाना पेठेतून इथेनॉल चालेल असा फ्युएल होज मीटरभर आणला आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलले. क्लिपाही नव्या घेतल्या, गोल पट्टीच्या. जुन्या क्लिपांची कड रबरात रुतत होती. दुकानात साधा पाण्याचा पाइप "चालतो की" म्हणून देतात, तो घेऊ नका.

पंपाच्या दांडीने हाताने पेट्रोल भरलं. आधी दांडी सैल लागत होती, पंपाला ढकलणारा इंजिनातला कॅम वर असला की असं होतं. इंजिन थोडं फिरवल्यावर जोर आला. फ्लोट चेंबर भरल्यावर दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली आणि पंधरा मिनिटं एका लयीत आयडलला उभी राहिली.

किट अजून पाकिटातच आहे. पुढच्या रविवारी टाकी उतरवून तळाचा गाळ आणि पाणी काढणार आहे.