गाडी गोल फिरतच नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "एवढा खटाटोप करून गाडी शेवटी गोल गोलच फिरणार ना? कंटाळा नाही येत?" घरी येणारा पाहुणा माझी फळीवरची छोटी मॉडेल रेल्वे बघून, चहाचा कप खाली ठेवता ठेवता हे विचारतोच. उत्तर आहे, येतो. गोल फिरणारी गाडी बघून दहाव्या मिनिटाला जांभई येते. म्हणून तर माझी गाडी गोल फिरतच नाही.

लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते कोथरूडच्या भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाचं, नाहीतर मोबाइलवर पाहिलेल्या, जर्मनीतल्या हांबुर्गच्या 'मिनियाटूर वुंडरलँड' या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाचं. दोन्ही ठिकाणं बघण्यासारखीच आहेत, पण ती प्रेक्षकांसाठी मांडलेली आहेत. समोरून सतत काहीतरी धडधडत गेलं पाहिजे. घरातल्या लेआउटला, म्हणजे रूळ-गाड्यांच्या मांडणीला, प्रेक्षक नसतो. जो असतो त्याला स्वयंपाकघरातून हाक आली की तो निघून जातो. इथे गाडी चालवणाराच खेळणारा, त्यामुळे त्याच्या डोक्याला काम हवं. ते काम म्हणजे शंटिंग, डबे पुढे-मागे ढकलून हव्या त्या क्रमाने लावणं.

माझी फळी साडेतीन फूट लांब आणि एक फूट रुंद आहे. तिच्यावर दोन सांधे (जिथून गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते) आणि तीन रूळ. ही मांडणी माझी नाही. ॲलन राइट नावाच्या इंग्रज छंदिष्टाची आहे आणि 'इंगलनुक' या नावाने जगभर चालते. पहिल्या रुळावर पाच वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मावतात, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर तीन. पलीकडच्या टोकाला इंजिन आणि फक्त तीन वाघिणी उभ्या राहतील एवढाच तुकडा. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि निघाल्या त्याच क्रमाने पहिल्या रुळावर गाडी लावायची. आठांतून पाच, तेही क्रमाने, म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या. आता सांगा, कंटाळा कुठून येणार?

ऐकायला सोपं वाटतं. समजा दुसऱ्या रुळावर आत टोकाला कापसाच्या गाठींची वाघीण आहे आणि ती पहिली हवी आहे. तिन्ही ओढून घ्यायच्या, सांधा बदलायचा, कापसाची वाघीण पहिल्या रुळावर ढकलून सोडायची, उरलेल्या दोन जागेवर परत. झालं. पण हवी असलेली वाघीण तिघींच्या मधोमध अडकली असेल तर? आधी टोकाची कुठेतरी ठेवायची, मग मधली सोडवायची, मग टोकाचीला परत आणायची. आणि ते 'कुठेतरी' म्हणजे अकरा जागांपैकी रिकाम्या उरलेल्या फक्त तीन जागा. पाच मिनिटांत जमेल असं म्हणत बसलेला माणूस अर्ध्या तासाने "थांब, थांब, एकदा परत" म्हणत असतो. माझे सासरे यातले पक्के झाले आहेत. ते बुद्धिबळवाले.

असल्या कोड्यांतलं दुसरं गाजलेलं कोडं म्हणजे 'टाइमसेव्हर'. ते काढलं जॉन ॲलन या अमेरिकन माणसाने, आणि गंमत म्हणजे याच जॉन ॲलनच्या घराच्या तळघरात त्या काळचा अतिशय नावाजलेला, डोंगरदऱ्यांचा भलाथोरला लेआउट होता. १९७३ मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच तो लेआउट आगीत गेला. फळीएवढं कोडं मात्र आजही लोक बांधतात.

पुढचा प्रश्न, गाडी कुठली? आपली नेहमीची ब्रॉडगेज का नाही? तर त्याला कारण गणिताचं आहे. एचओ हे मॉडेल रेल्वेचं सगळ्यात प्रचलित माप १:८७ चं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्याचा बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी (गेज म्हणजे रुळाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) अगदी चोख. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तिला १९ मिलिमीटरहून थोडा जास्तच रूळ लागतो. तयार रुळावर आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन उभं केलं की समोरून बघताना ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. अनेकांना चालतं. मला नाही चालत, एकदा दिसलं की तेच दिसत राहतं. माथेरानची गाडी सगळ्यांना हवी असते, पण ६१० मिलिमीटरला ८७ ने भागलं की सात मिलिमीटर येतात. तसा रूळ दुकानात मिळत नाही, हाताने बनवत बसा.

मग उरते बार्शी लाइट रेल्वे. तिचं जुनं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागा ८७ ने: ८.७६. आणि एन या एचओहून लहान मापाचा रूळ जगात कुठेही मिळतो तो ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक! ऑस्ट्रियातल्या अरुंद रेल्वे ७६० च्या, त्यामुळे युरोपातले कारखाने या मापाची इंजिनं आणि चाकं तयारच विकतात. खालचं चाकगाडं ऑस्ट्रियाचं आणि वरची पेटी पुठ्ठा-प्लॅस्टिकची, घरी कापलेली, असा माझा सगळा संसार.

बार्शी लाइन नुसती गणितात बसते म्हणून घेतली असंही नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती १८९७ मध्ये सुरू केली ती दर आसावर फक्त ५ टन भार येईल असा नेम धरून. भार हलका, म्हणून रूळ हलके, म्हणून खर्च कमी. तरी वाघिणी मात्र आकाराच्या मानाने भरपूर माल नेणाऱ्या. आणि कुर्डुवाडीला ब्रॉडगेजची मुख्य लाइन भेटली की गेज बदलायचं. म्हणजे माल एका वाघिणीतून दुसरीत, हमालांच्या पाठीवरून. शंटिंगला याहून चांगलं निमित्त कुठलं? माझी फळी मात्र कुर्डुवाडी म्हणून बघू नका. ती त्या भागातल्या एखाद्या बाजारपेठेच्या मालधक्क्याचा कोपरा आहे, नाव मी दिलेलं नाही. सोलापूरकडचा मुलूख निवडण्यात थोडा आळसही आहे. कोकण केलं असतं तर झाडं लावता लावता हात मोडले असते. इथे दोन बाभळी आणि एक कडुलिंब, काथ्याचे. मागच्या भिंतीला लागून गोदामं आहेत, पण ती दीड इंचच जाड, नुसता दर्शनी भाग.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो विचाराल तर खडीत. बांधकामावरची दगडाची कच आणायची, आधी मैद्याच्या चाळणीने आणि मग चहाच्या गाळणीने चाळायची, आणि पिशवीवरून जोरदार लोहचुंबक फिरवायचं. कचेत लोखंडाचे कण असतात. ते राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि मोटर गेली. मग कच रुळांत पसरून ब्रशने स्लीपरच्या मधे बसवायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, आणि फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी व भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळून ड्रॉपरने सोडत जायचं. साबण नसेल तर थेंब गोळीसारखा वरच बसतो आणि खडी घेऊन घरंगळतो. साबण असला की झटकन खाली झिरपतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र एकही थेंब नको, सांधा कायमचा चिकटतो.

मातीला चहाचा चोथा वापरतो. खडखडीत वाळलेलाच हवा, नाहीतर जुलैत शेताला पांढरी बुरशी फुटते.

वीज १२ व्होल्ट डीसी. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारा उलट्या केल्या की गाडी उलटी. चार चाकांच्या छोट्या इंजिनाला घात करतो तो सांध्याचा मधला भाग. स्वस्तातल्या सांध्यात तिथे प्लॅस्टिक असतं, चाकांना वीज मिळत नाही आणि इंजिन बरोब्बर तिथेच रुसून बसतं. बोटाने ढकलावं लागलं की खेळाची मजाच गेली. म्हणून बाकी कुठेही काटकसर करा, सांधे धातूच्या मध्याचेच घ्या. रूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसत राहायचं, पावसाळ्यात जरा जास्त. वाघिणी सोडवायला चुंबकाचे कपलर (डबे जोडणारे आकडे) मिळतात, मी बांबूची काडी वापरतो.

जागेचं म्हणाल तर फळी कपाटावर आडवी राहते, वर चादर. अमेरिकेतल्या कार्ल अरेंटने चार चौरस फुटांच्या आतल्या लेआउटचा ध्यास घेतला होता, त्या हिशेबाने मी अर्धा चौरस फूट शिलकीत आहे. खर्च मुख्यतः इंजिनाचा, कारण ते परदेशातून येतं आणि वर कस्टम लागतं. सुरुवात करायची तर इंजिन शेवटी घ्या. आधी कागदावर तीन रेघा ओढा, आठ काडेपेट्यांवर आकडे लिहा, आणि वर सांगितलेल्या नियमाने खेळून बघा. मुलं-भाचरं असतील तर त्यांनाही बसवा. त्यांना गाड्यांची टक्करच हवी असते, पण काडेपेट्यांना काही होत नाही. दोन संध्याकाळी तरी मन रमलं, तर पुढचं सामान कुठून मागवायचं ते मला विचारा.