खोप्याला किती अक्षरं द्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कविता लिहू लागलेली माणसं मला वरचेवर विचारतात, ‘प्राण्याचा जीव माणसाइतकाच मोलाचा आहे, हे कवितेत आणायचं कसं?’ माझं म्हणणं असं की ते सांगायचंच नाही. ओळीत प्राण्याला माणसाइतकी जागा द्यायची.

बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) सुगरणीच्या खोप्यावरची कविता घ्या आणि बोटांवर अक्षरं मोजा. ओळ ८ अक्षरांची, कडवं ३२ अक्षरांचं. पहिलं कडवं संपतं ‘झोका झाडाले टांगला’ या ओळीवर, दुसरं ‘जीव झाडाले टांगला’ या ओळीवर. झाड तेच, टांगणं तेच. झोक्याची २ अक्षरं निघाली आणि तिथे जीव बसला. माया, काळजी, वात्सल्य यांतला एकही शब्द न वापरता वाऱ्यावर काय हेलकावतंय ते कळतं.

पुढे ‘तिची उलीशीच चोच, तेच दात, तेच ओठ’ ही १६ अक्षरं पाखराला मिळतात आणि ‘तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं’ ही १६ माणसाला. मध्ये ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही. दोघांची अवजारं शेजारी मांडून बाई थांबतात. हे थांबणं मला फार मोठं वाटतं.

तुकोबा वेगळं करतात. सासरी जाताना मागे वळून पाहणारी लेक, आई चुकलेलं बाळ आणि पाण्याबाहेरची मासोळी, तिघं एका रांगेत. लेक पुन्हा माहेरी येऊ शकते, बाळाला आई सापडू शकते. मासोळीपाशी वेळच नाही. आणि स्वतःचं नाव ते नेमकं तिच्या शेजारी ठेवतात: ‘जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी’.

नवशिक्यांची कविता बहुतेकदा ‘मुका’, ‘बिचारा’, ‘निष्पाप’ या शब्दांवर फसते. कीव आली की प्राणी खाली जातो. दुसरी अडचण म्हणजे दोन ओळींत प्राणी नाहीसा होतो आणि उरतं कवीचं दुःख. यावर सोपी तपासणी आहे. सुगरणीच्या जागी चिमणी घालून पाहा. चिमणी वळचणीला, भिंतीच्या भोकात घरटं करते. ‘टांगला’ लगेच कोसळतं. तुमच्या कवितेत प्राणी बदलूनही काहीच मोडत नसेल, तर त्यात प्राणी नव्हताच. अशा वेळी विशेषणं सगळी खोडा, प्राणी करतो ती कामं क्रियापदांत लिहून काढा आणि त्यांतलं माणसालाही लागू पडेल असं एकच निवडा.

सुगरणीवरच लिहायचं असेल तर पावसाळ्यात विहिरीकाठची बाभूळ बघा. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच तिथे संसार मांडते. बहिणाबाईंच्या कवितेत खोपा मादी टांगते, पण कवितेला यानं उणेपणा येत नाही, कारण त्या मादीचा जीव पिलांत आहे आणि पिलांना भरवणं बहुतेक मादीच करते. नापसंत झालेले अर्धवट खोपे मात्र तसेच लटकत राहतात. त्या नरावर एक कडवं लिहून पाहा: २४ अक्षरं त्याच्या विणण्याला द्या, माणूस आणायचाच असेल तर शेवटच्या ८ अक्षरांत आणा.