एम.टेक., एम.एस. की नोकरी? आधी घोडं कुठे अडतंय ते बघा

"मास्टर्स करू का?" हा प्रश्न बहुतेक वेळा अवेळी विचारला जातो. कॅम्पसमध्ये मनासारखं काही लागलं नाही, किंवा लागलं आणि सहा महिन्यांत जीव विटला, की तो डोकं वर काढतो. अशा वेळी डिग्री म्हणजे दोन वर्षांची मुदतवाढ वाटते, आणि मुदतवाढ म्हणून घेतलेली डिग्री फार महाग पडते. आपल्याला हवं ते काम बी.ई.वर मिळत नाही का, आणि मिळत नसेल तर घोडं नेमकं कशावर अडतं, एवढंच आधी शोधायचं.

त्याला एक संध्याकाळ पुरते. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि पाच-सहा कंपन्यांची करिअरची पानं उघडून तुम्हाला हव्या त्या पदाच्या ३० जाहिराती एका शीटमध्ये उतरवा. रकाने चार: किमान पात्रता, प्राधान्य कशाला, अनुभव किती, कोणती टूल्स. 'एम.टेक. असल्यास प्राधान्य' आणि 'किमान एम.टेक.' यांची गल्लत करू नका. पहिलं वाक्य एच.आर.वाले सवयीने टाकतात. मग त्याच पदावर आज काम करणारी माणसं लिंक्डइनवर शोधा आणि ती बी.ई.नंतर तिथवर कशी पोहोचली ते पाहा. जाहिरात काय म्हणते यापेक्षा खुर्चीत कोण बसलंय हे जास्त खरं असतं. शीट भरल्यावर अडसर डिग्रीचा निघाला तर पुढचं वाचा. टूलचा किंवा अनुभवाचा निघाला, तर दोन वर्षं वर्गात बसून तो हटणार नाही.

शाखेनुसार चित्र पार बदलतं. सिव्हिलवाल्यांचं बघू. एम.ई. स्ट्रक्चर्स केलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्स लवकर मिळतं, असं एक कारण हमखास सांगितलं जातं. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये या लायसन्ससाठी सर्वसाधारणपणे बी.ई. सिव्हिलला स्ट्रक्चरल कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, स्ट्रक्चर्समधल्या पदव्युत्तर पदवीधराला दोन वर्षांचा. म्हणजे दोन वर्षं खर्च करून एक वर्ष वाचवायचं! लायसन्ससाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. पण उंच इमारतींचं डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंटकडे तुमच्या हातात ड्रॉइंग येतं की ईटॅब्स या सॉफ्टवेअरमधलं इमारतीचं मॉडेल, हे बऱ्याचदा एम.ई.वर ठरतं. डायनॅमिक्स, आय.एस. १८९३ या भूकंपाच्या मानकामागचं गणित, प्रीस्ट्रेसिंग हे बी.ई.ला वरवर होतं आणि साइटवर राहून आपोआप येत नाही. साइट, बिलिंग, प्लॅनिंग यांत रमणाऱ्याला मात्र या पदवीचा फारसा उपयोग नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्ही.एल.एस.आय. (चिप डिझाइन) हा मास्टर्सचा सरळ फायदा होणारा भाग. त्यासाठीच्या कॅडेन्स, सिनॉप्सिस सॉफ्टवेअरची लायसन्स बहुतेक बी.ई. कॉलेजांत नसतात किंवा चार सिस्टिम्सपुरती असतात, चांगल्या एम.टेक. लॅबमध्ये त्यांच्यावर दीड-दोन वर्षं हात बसतो. ॲनालॉग डिझाइनला तर एम.टेक.शिवाय दार किलकिलं होणंही कठीण. व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे डिझाइन तपासण्याच्या कामात, बी.ई.वर शिरकाव होतो. मेकॅनिकलमध्ये चाकणच्या कारखान्यात प्रॉडक्शन, क्वालिटी किंवा व्हेंडर डेव्हलपमेंट करायचं असेल तर अनुभवच बोलतो, एन.व्ही.एच. (आवाज आणि कंपनं), सी.एफ.डी. (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं संगणकी गणित), बॅटरीचं थर्मल यांकडे वळायचं तर मास्टर्स हवं. हायपरमेश या सॉफ्टवेअरचा सर्टिफिकेट कोर्स म्हणजे मास्टर्स नव्हे, हे कोर्स विकणारे सांगत नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांना नेहमीच्या सॉफ्टवेअर नोकरीसाठी चांगल्या टीममधली दोन वर्षंच जास्त कामाची, मशीन लर्निंगच्या संशोधनात जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

शिकवायचं असेल तर वाद मिटला. ए.आय.सी.टी.ई.च्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) २०१९ च्या नियमांनुसार डिग्री कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरला बी.ई. आणि एम.ई. दोन्ही हवेत, पैकी एकात फर्स्ट क्लास. पॉलिटेक्निकच्या लेक्चररला फर्स्ट क्लास बी.ई. पुरते. सातव्या आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, पण खासगी कॉलेजात 'कन्सॉलिडेटेड' (भत्त्यांशिवाय एकच ठोक रक्कम) हा शब्द ऐकू आला की हातात किती आणि दर महिन्याला येतो का, हे तिथल्या माणसालाच विचारा. एन.टी.पी.सी., पॉवरग्रिडसारख्या सार्वजनिक कंपन्यांना बी.ई. अधिक गेट या एम.टेक. प्रवेश परीक्षेचा स्कोअर चालतो. त्यांच्यासाठी एम.टेक.ला बसायची गरज नाही.

आता भारतातल्या एम.टेक.चं. गेट १०० गुणांची, तीन तासांची, ६५ प्रश्नांची परीक्षा. १५ गुण ॲप्टिट्यूडचे. चुकीच्या एम.सी.क्यू.ला एक गुणाच्या प्रश्नात एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश गुण कापले जातात. संख्या लिहायच्या आणि अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा तिथे कोरं सोडणं म्हणजे नुसतं नुकसान. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणून नोकरी लागली असली तरी शेवटच्या वर्षाला गेट देऊन ठेवावी. अभ्यासाची सवय पुन्हा तशी राहत नाही.

खरी गडबड निकालानंतर होते. आय.आय.टी.साठी सी.ओ.ए.पी. या सामायिक ऑफर पोर्टलवर नाव नोंदवलं म्हणजे अर्ज झाला, असा समज करून दर वर्षी मुलं बसून राहतात. सी.ओ.ए.पी. फक्त ऑफर दाखवतं. अर्ज प्रत्येक आय.आय.टी.च्या पोर्टलवर वेगळा करायचा, आणि ती पोर्टलं मार्च-एप्रिलमध्ये उघडून लवकर बंद होतात. ऑफर आली की तीन पर्याय असतात: स्वीकारून थांबा, राखून पुढच्या फेरीची वाट बघा, किंवा नाकारा. नाकारलेली परत येईल या भरवशावर राहू नका. नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.सह सगळ्या एन.आय.टी. सी.सी.एम.टी. या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांमधून भरतात, सी.ओ.ई.पी., व्ही.जे.टी.आय. आणि बाकीच्या कॉलेजांसाठी राज्याच्या सी.ई.टी. सेलची कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया).

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास ठेच म्हणजे जातीचे दाखले. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या प्रवेशात चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओ.बी.सी.-एन.सी.एल. दाखला लागतो, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा. एस.ई.बी.सी. ही राज्याची वर्गवारी, केंद्रात ती नाही. तहसील कार्यालयात मे महिन्यात काय गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

नोकरीत असाल तर नोटीस पीरियडचं गणित मांडा. ऑफर मे-जूनमध्ये, वर्ग जुलैअखेर, आणि नोटीस ९० दिवसांची. म्हणजे ऑफर हातात यायच्या आत राजीनामा द्यावा लागतो किंवा नोटीसचे पैसे भरावे लागतात. बायआउट (पैसे भरून नोटीसमधून सुटका) मिळतो का, हे मार्चमध्येच नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये वाचून ठेवा. रिलीव्हिंग लेटरशिवाय काही संस्था प्रवेशच पक्का करत नाहीत.

पैशांचं बोलू. गेटवर प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ एम.टेक.वाल्याला महिना १२,४०० रुपये, २४ महिने मिळतात: एकूण २,९७,६०० रुपये. बिगरगेट जागेवर हे काही नाही. ए.आय.सी.टी.ई.ची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या, एकट्याच्या नावावरच्या साध्या बचत खात्यातच येते. आईबरोबरचं जॉइंट किंवा जनधन खातं दिलं की पैसे अडकतात. महिना ३०,००० हातात येणारी नोकरी सोडली तर दोन वर्षांत ७,२०,००० बुडतात, म्हणजे फरक ४,२२,४००, वर फी वेगळी. एम.टेक.नंतर महिन्याला २०,००० जास्त मिळाले तर फीखेरीज हे भरून यायला सुमारे २१ महिने. मात्र तुलना आजच्या पगाराशी करू नका. दोन वर्षं अनुभव वाढल्यावर जो पगार झाला असता त्याच्याशी करा. तिथे कित्येकांचे २०,००० चे ५,००० होतात.

आय.आय.टी. मुंबईत रिसर्च असिस्टंट वर्गातून तीन वर्षांचं एम.टेक. करता येतं. लॅबची कामं सांभाळायची, स्टायपेंड चालू, एक वर्ष जास्त. नेहमीच्या टी.ए. (टीचिंग असिस्टंट) वर्गात थोडक्यात हुकलेल्यांनी याकडे नाक मुरडू नये. एक वर्ष जादा लॅबमध्ये राहिलेल्या माणसाच्या बायोडेटात सांगण्यासारखं काम असतं.

परदेशात जायचं तर अमेरिका आणि जर्मनी, दोन अगदी वेगळे हिशेब आहेत. अमेरिकेत एम.एस. साधारण ३० क्रेडिटचं. पदवीनंतर ओ.पी.टी.चे (विद्यार्थी व्हिसावरच नोकरीची परवानगी) १२ महिने, एस.टी.ई.एम. (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखांना आणखी २४, मिळून तीन वर्षं. बारकावे इथेच आहेत. वाढीव २४ महिन्यांसाठी मालक ई-व्हेरिफाय या तिथल्या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेला हवा. पहिल्या वर्षात बिननोकरीचे ९० दिवस भरले की मुक्काम धोक्यात, वाढीव काळ धरून एकूण १५०. एच-१बी. या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाच्या ८५,००० जागांपैकी २०,००० अमेरिकेतल्या मास्टर्ससाठी राखीव आहेत, पण पदवी सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठाची असेल तरच. नफ्यावर चालणाऱ्या विद्यापीठाची पदवी यात धरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी. अर्जावर एक लाख डॉलरची फी लागली. तिथेच शिकून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून बदल मागणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये आला. हे सगळं लॉटरीच्या चिठ्ठीवर आणि सरकारच्या मर्जीवर चालतं, म्हणून अमेरिकेचा हिशेब 'तीन वर्षांत कर्ज फिटेल का' एवढ्यावरच मांडावा. पुढचं काही मिळालं तर बोनस.

ते कर्ज असं वाढतं. समजा ४० लाख, व्याज ११ टक्के. २० लाख सुरुवातीला उचलले, २० लाख वर्षाने. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चढत राहतं: पहिल्या २० लाखांवर तीन वर्षांचं ६.६ लाख, दुसऱ्यावर दोन वर्षांचं ४.४ लाख. परतफेड सुरू होताना डोक्यावर ५१ लाख, आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७०,२५० रुपये. व्याज शिकताना दरमहा भरत गेलात तर हप्ता ४० लाखांवरच, सुमारे ५५,१००. भारतात परत यावं लागलं तर ७०,००० चा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न व्हिसाच्या आधी घरात बसून बोलायचा. घर तारण असेल तर जास्तच. शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत (जुनं कलम ८०ई.) फक्त व्याजावर, आठ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच मिळते.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता परदेशी मुलांकडून फी घेतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याच्या ए.पी.एस. प्रमाणपत्राशिवाय व्हिसा नाही, त्याची फी १८,००० रुपये, आणि ते यायला वेळ लागतो. गुण तिकडच्या पद्धतीत बदलतात: कमाल गुणांतून आपले वजा करा, कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ७.५ सी.जी.पी.ए. आणि पास व्हायला ४ लागत असतील तर २.२५, पासाची रेषा ५ असेल तर तेच ७.५ घसरून २.५ होतात. तिथे कमी आकडा चांगला आणि बऱ्याच कोर्सेसची मर्यादा २.५ असते, म्हणून मार्कशीटच्या मागची ग्रेडची तक्ती नीट वाचा. दुसरी अडचण ई.सी.टी.एस.ची (युरोपातली क्रेडिट पद्धत): मेकॅनिकलवाला मेकॅट्रॉनिक्सला अर्ज करतो, गुण उत्तम, पण इलेक्ट्रॉनिक्सचे ठरलेले क्रेडिट भरत नाहीत आणि नकार येतो. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरीला जर्मन लागतं. बी१ या मधल्या पातळीपर्यंत इथूनच जा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

नोकरी न सोडता करायचं असेल तर बिट्स पिलानीचं शनिवार-रविवारचं एम.टेक. किंवा जॉर्जिया टेकचं ऑनलाइन एम.एस. हे पर्याय बरे आहेत. पगार चालू राहतो. पण जॉर्जिया टेकच्या त्या पदवीने एफ-१ व्हिसा किंवा ओ.पी.टी. मिळत नाही, आणि कंपनीने फी भरली तर दोन-तीन वर्षांचा बाँड येतो. बाँडची रक्कम पदवी मिळाल्यापासून मोजतात की फी भरल्यापासून, ते सही करण्याआधी पाहावं.

कुठलाही रस्ता धरा, ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज आत्ताच करा. विद्यापीठातून सीलबंद प्रती यायला आठवडे जातात. दहा प्रती एकदमच मागवा. बॅकलॉग असेल तर सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लागतात, फक्त शेवटच्या नाही. शिफारसपत्रासाठी एच.ओ.डी.च्या मागे धावू नका. ज्यांनी तुमचं प्रोजेक्ट खरंच पाहिलंय अशा सरांना किंवा मॅडमना कॉलेज सोडण्याआधी भेटा, आणि त्यांचा स्वतःचा नव्हे, तर कॉलेजचा ईमेल पत्ता लिहून घ्या. जीमेलवरून आलेली शिफारस बरीच विद्यापीठं मोजत नाहीत.