बेळगावचं नाव लावणारी कुली

२०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं. पण इथल्या मातीतल्या एका रोपाच्या शास्त्रीय नावात अजून बेळगावच आहे: क्लोरोफायटम बेळगॉमेन्स. पावसाळ्यात आपण जिची भाजी खातो त्या कुलीच्या, म्हणजे फोडशीच्या, गोतातलं. सफेद मुसळीही त्यातलीच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वेगळी जात असल्याचं दाखवलं. तेव्हा शहराचं नाव अजून बदललं नव्हतं. गावाची पाटी बदलली तरी वनस्पतीचं नाव तसंच राहतं, हे कळल्यापासून मला ती बघायचीच होती.

जुलैत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीबरोबर निघाले. जांबोटीच्या रस्त्यावर पावसाने झोडपून काढलं. पुढची वाट लिहीत नाही, मुद्दामच.

माळावर काळपट जांभा, त्याच्या खळग्यांत बोटभर माती. म्हशी राखणारे एक काका जवळ आले. "काय हुडकायला लागलाय वो?" कुली म्हटल्यावर ते हसले, "ती काय, सगळीकडंच हाय की!"

सगळीकडे असते ती वेगळी. पानं गवतासारखीच, त्यामुळे नुसत्या पानांवरून भले भले फसतात. फूल, बोंड, बी बघावं लागतं. मैत्रीण गुडघ्यांवर बसली, भिंग काढलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग मला खाली ओढलं. दांड्यावर पांढरं फूल, सहा पाकळ्या, मधे सहा पिवळे केसर. एका पाकळीवर पावसाचा थेंब, त्यात मुंगी अडकलेली. मला रडूच आलं.

पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं, जमिनीत उरतात फक्त मुळं. उन्हाळ्यात इथे कुणी आलं तर त्याला हा नुसता उजाड कातळ वाटेल. पलीकडच्या माळावर चिऱ्याची खाण आहे, खडकासकट मातीही गेली आहे. तिथे काय काय उगवत होतं, हे आता कुणाला विचारायचं?

परतताना रस्त्याकडेला एक मावशी कुलीच्या जुड्या घेऊन बसलेल्या. मी जुडी उलटी करून बघितली. सगळी पानं वरच्यावर खुडलेली.

"मुळं न्हाई उपटत बाई," त्या म्हणाल्या, "फुडच्या पावसाला परत यायचं असतंय तिथंच."

मी दोन जुड्या घेतल्या.