आकडा मी सांगते

आमच्या दवाखान्यात आजार डॉक्टर सांगतात, आकडा मी सांगते. सोलापुरात, विजापूर रोडवरच्या या काउंटरवर मला सहा वर्षं झाली. पंचवीस हजारांचं कुत्रं गाडीतून उतरवायचं आणि लशीच्या दोनशे रुपयांवर अडून बसायचं, असेही रोज भेटतात. त्यांचं सोडा.

मे महिन्यातली दुपार. पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी करून तसाच आलेला; केसांत, भुवयांवर कापसाचं तूस. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या पोटाशी टॉवेलात गुंडाळलेलं अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू.

"परवाधरनं उलट्या करालंय ओ मॅडम. आज रक्त पडालंय."

लस एकही नव्हती. वासावरूनच मी ओळखलं. पार्व्हो, म्हणजे पिल्लांची आतडी पोखरणारा विषाणू; त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. डॉक्टरांनी पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलं नव्हतं. दहा मिनिटांत तपासणीच्या किटवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे पार्व्होच.

मी सवयीने बोलून गेले : भरती करावं लागेल, पाच दिवस तरी, दिवसाचे दीड हजार. किटचे आठशे वेगळे.

मुलगा बापाला तेलुगूत काहीतरी विचारत राहिला. बाप माझ्याकडेच बघत होता. "सिव्हिलला माणसाला सलाईन लावतेत, त्याला बी इतकं पडत नाही की."

सिव्हिलच्या सलाईनमागे सरकारचा पैसा असतो. इथे बाटली, सुई, औषधं, रात्री जागणारा पोरगा, सगळं एकाच बिलात येतं. त्यात विषाणू मारणारं औषध नसतंच. पिल्लाचं अंग लढून उठेपर्यंत पाणी पुरवायचं, उलटी थांबवायची, अस्तर सोललेल्या आतड्यातून जंतू रक्तात जाऊ नयेत म्हणून अँटिबायोटिक द्यायचं. पण हे त्याला त्या वेळी कसं सांगणार?

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन या, कातडीखाली सलाईन देऊ, दिवसाचे पाचशे. भरती केल्यावर जगायची जितकी आशा, तितकी यात नाही, हेही सांगितलं.

हा रस्ता मला माहीत होता. मी सांगितला नव्हता.

बाकीच्या पिल्लांना लागण नको म्हणून ते दोघं बाहेर कडुलिंबाखाली बसायचे. कातडीखाली सलाईन गेली की पिल्लाच्या पाठीवर लिंबाएवढा फुगा यायचा. तो जिरेपर्यंत मुलगा त्यावर तळहात ठेवून असायचा. त्यांनी टेकलेली फरशी मी ब्लीचने पुसायचे. चौथ्या संध्याकाळी पिल्लाने पेजेचं बोट चाटलं.

बिल तीन हजार तीनशे. त्याने दोन हजार चारशे दिले, उरलेले पगारावर म्हणाला. नंतर आला नाही. डॉक्टर म्हणतात, खोडून टाक ते नऊशे. मी खोडलेले नाहीत. त्याचा नंबर त्याच ओळीत आहे, आणि पिल्लाची डिस्टेंपरची लस राहिलीय.